भिंतीच्या कडेकडेनं

नंदुरबार शहरातल्या एका नाक्याला ज्या गावाचं नाव आहे, ते हे कोरीट. गेलो होतो तेव्हा मिरचीचा हंगाम होता. नंदुरबारच्या आसपास त्या दिवसांत पथाऱ्यांवर मिरची अशी पसरलेली असते की लांबून पाहणाऱ्याला जमीनच पेटल्यासारखी वाटावी. दोन शिंका, एक ठसका आणि डोळ्यांना थोडं पाणी, एवढा जकातकर भरल्याशिवाय या भागात कुणाला प्रवेश नाही. मी ज्याच्याकडे उतरलो तो माझा जुना विद्यार्थी. आता त्याच्याच कानशिलांवर पांढरं आलंय, पण मला पाहिलं की अजून चटकन उभा राहतो. घर पुढून धाब्याचं आणि मागं नवा स्लॅब. धाब्याच्या खोलीत धान्याची कोठी, आणि कोठीच्या खालून रात्री नऊच्या सुमाराला ती निघाली.

आधी वास आला, मग आवाज. कुणीतरी मुठीत सुटे पैसे खुळखुळवावेत तसा बारीक किणकिणाट. मग भिंतीच्या कडेनं एक करडी रेघ सरकत गेली. घरातल्या पोरानं हाताला येईल ती काठी उचलली. कोपऱ्यात लसूण सोलत बसलेल्या आजींनी मान वर न करताच त्याला थांबवलं. "चिचुंद्री शे ती. मारू नको तिले, लक्ष्मी शे." आणि वर एक रोकडा सवाल टाकला, "ती तुनं काय खास?" तुझं काय खाते ती?

त्या घरात बारावीला असलेली नात आहे. अंगानं काटकुळी, बोलायला तुरतुरीत. आजी तिलाही चिचुंद्रीच म्हणतात, हे मला जेवताना कळलं होतं. तिनं मला विचारलं, "सर, हिला इंग्लिशमध्ये काय म्हणतात?" मी म्हणालो, "श्रू." तिनं लगेच मोबाइलवर पाहिलं आणि हसू लागली. पहिला अर्थ, लांब नाकाचा उंदरासारखा लहान प्राणी. दुसरा अर्थ, कजाग बाई. मग हसणं थांबवून तिनं विचारलं, "आणि माणूस कजाग असला तर?"

इंग्रजी शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली. त्यात श्रूवरच्या त्या प्रसिद्ध नाटकावर मी कितीदा बोललो असेन याचा हिशेब नाही. त्या रात्री मात्र मी 'उद्या सांगतो' म्हणून वेळ मारून नेली. मास्तरांच्या या उद्याला फार मोठी परंपरा आहे.

*

आजींचा सवाल आधी घेतो, कारण त्याचं उत्तर सोपं आहे. चिचुंद्री आपलं फारसं काही खात नाही. तिचं मुख्य अन्न झुरळं, किडे, गांडुळं. जमलं तर उंदराची पिल्लंसुद्धा. ती उंदीर नाहीच. उंदराचं घराणं कुरतडणाऱ्यांचं, हिचं किडे खाणाऱ्यांचं. दातांची ठेवण वेगळी, सोंडेसारखं पुढं आलेलं नाक वेगळं. लिनियसनं 1766 मध्ये तिला शास्त्रीय नाव दिलं त्यातही 'मुरिनस', म्हणजे उंदरासारखी, असा शब्द येऊन बसला आणि बिचारीच्या कपाळावरचा उंदीर काही पुसला गेला नाही. हिंदुस्थानातले साहेबलोक तर तिला सरळ 'मस्क रॅट' म्हणत, कस्तुरी उंदीर. त्यांच्या बोलीचा जो 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा गमतीदार कोश 1886 मध्ये निघाला, त्यात हिची नोंद आहे आणि साहेबांची एक लाडकी तक्रारही आहे. तळघरातल्या बाटल्यांवरून ही नुसती धावत गेली तरी बुचबंद बिअरला हिचा वास लागतो म्हणे. जर्डन नावाच्या प्राणिशास्त्रज्ञानं त्यावर शांतपणे सुचवलं होतं की बुचं बाटलीत ठोकण्याआधीच वासाळलेली असणार. बिअर बिघडली तर दोष चिचुंद्रीचा, बुचं उघडी टाकणाऱ्याचा नाही! हा न्याय पुढं आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

वासाचा हिशेब आपल्याकडेही मांडलेला आहे. सुगंधी द्रव्यं चोरणारा पुढच्या जन्मी छुच्छुंदरी होतो, असं मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात सांगितलंय. शिक्षा ठरवणाऱ्याला विनोदाचं अंग होतं असं म्हणायला हवं. सुश्रुतानं विषारी मूषकांचे अठरा प्रकार सांगितले त्यात हिचं नाव घातलं. सापानं हिला धरली तर गिळताही येत नाही आणि टाकताही येत नाही, अशी पेचाची उपमा उत्तरेत घराघरांत आहे. किपलिंगनं 1894 च्या 'जंगल बुक'मधल्या मुंगसाच्या गोष्टीत चुचुंद्रा नावाचं एक पात्र घातलं. ते रात्रभर रडतं, भिंतीच्या कडेनं फिरतं आणि खोलीच्या मध्यभागी जायची त्याची हिंमत काही होत नाही. निरीक्षण अगदी बरोबर. चिचुंद्रीची नजर अधू असते. मिशा, नाक आणि कान यांच्या भरवशावर ती भिंतीला धरून चालते. किपलिंगला ते रडणं वाटलं. कोठीजवळ बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना तो पैशांचा खुळखुळाट वाटतो. चीन-तैवानकडच्या लोकांनाही तसंच वाटलं असावं, कारण तिथं या प्राण्याचं नावच 'पैशाचा उंदीर' असं आहे. एकाच चिकचिकीतून एकाला भेकड ऐकू येतो आणि दुसऱ्याला लक्ष्मी.

*

इंग्लंडातल्यांना तिच्यात विष दिसलं. तिथली श्रू आपल्या चिचुंद्रीच्या मानानं अगदीच चिमुकली, पण दरारा मोठा. ती चावली तर विषबाधा होते, आणि गुराच्या पाठीवरून नुसती पळत गेली तरी ते जनावर लुळं पडतं अशी जुनी समजूत. या समजुतीत तथ्याचा एक कण होता. त्यांच्याकडच्या पाणश्रूच्या लाळेत खरोखर विष असतं. बेडूक, किडे यांना सुन्न करण्यापुरतं. गाय पाडण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. लोकसमजुतींचा व्यवहार असाच चालतो. भांडवल म्हणून एखादा खरा दाणा पुरतो आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्या उधारी खेचता येते.

या भयावरचा उतारा गिल्बर्ट व्हाइट नावाच्या पाद्र्यानं सेलबर्न गावाबद्दलच्या 1789 च्या पुस्तकात नोंदवून ठेवलाय. ॲश नावाच्या झाडाच्या बुंध्याला गिरमिटानं खोल भोक पाडायचं, त्यात एक जिवंत श्रू कोंबायची, वरून खुंटी ठोकून भोक बंद करायचं आणि मंत्र म्हणायचे. त्या झाडाची डहाळी मग लुळ्या जनावराच्या अंगावरून फिरवायची. सेलबर्नच्या चर्चजवळ असं एक झाड होतं आणि आधीच्या एका पाद्र्यानं ते तोडून जाळलं, असंही व्हाइट सांगतो. पुस्तक फार गोड आहे, पक्ष्यांच्या शिळा आणि पावसाच्या नोंदी यांनी भरलेलं. म्हणूनच ते बुजवलेलं भोक त्यात जास्त टोचतं.

आता शब्दाकडे येऊ. जुन्या इंग्रजीत हे प्राण्याचं नाव सापडतं. मग कित्येक शतकं लेखी वापरात तो प्राणी बिळात गेल्यासारखा दिसेनासा होतो आणि शब्द मात्र माणसांसाठी वापरात दिसतो. गंमत अशी की तेराव्या शतकात श्रू म्हणवून घेणारा बहुधा पुरुष असे. दुष्ट, खोडसाळ, ज्याच्यापासून चार हात लांब राहावं असा. चौदाव्या शतकात, चॉसरच्या काळात, तो शब्द तोंडाळ बायकोलाही लागू लागला, आणि पुढं हळूहळू पुरुषाच्या अंगावरून उतरून पुरता तिच्याच अंगावर चढला. याच शब्दावरून एक विशेषण निघालं होतं, 'श्रूड'. मूळ अर्थ 'श्रूसारखा', म्हणजे पापी, दुष्ट. सोळाव्या शतकापर्यंत त्याचा 'धूर्त' झाला, आणि मग 'चाणाक्ष'. आज एखाद्या कारखानदाराला, वकिलाला, राजकारण्याला श्रूड म्हटलं तर तो मनातून सुखावतो.

म्हणजे वाटणी अशी झाली. एकाच इवल्याशा जनावराच्या दाताची धार पुरुषाकडे गेली तेव्हा ती अक्कल ठरली, आणि बाईकडे गेली तेव्हा जीभ. वर्गात शब्दांच्या जन्मकथा सांगायची मला हौस होती. नाटक शिकवताना 'श्रू' सांगितला, निबंध शिकवताना 'श्रूड' सांगितला, पण दोन्ही शब्द एका फळ्यावर शेजारी लिहायचं तीस वर्षांत सुचलं नाही. कोरीटच्या त्या पोरीला अर्ध्या मिनिटात सुचलं. तिचा प्रश्न नेमका तिथंच बोट ठेवत होता.

आणि ही वाटणी नुसती कोशातली नाही. तोंडाळपणा हा इंग्लंडात गुन्हा होता आणि तो फक्त बाईच करू शकत असे. शेजाऱ्यापाजाऱ्यांशी सतत भांडून शांतता बिघडवणारी बाई, एवढी त्याची व्याख्या. शिक्षा म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला खुर्ची, खुर्चीत बाई आणि खाली तळं. काही गावांत तोंडाला लोखंडी लगाम घालत, जीभ दाबणारी पट्टी असलेला, आणि तशीच गावातून फिरवत. लेमिन्स्टर गावात 1809 मध्ये जेनी पाइप्स नावाच्या बाईला असं बुडवलं. 1817 मध्ये तिथंच सेरा लीक नावाच्या बाईची पाळी आली, पण पाणी आटलं होतं म्हणून तिला नुसतीच खुर्चीत बसवून मिरवली. 1817 म्हणजे आपल्याकडे पेशवाई अजून उभी होती. शिक्षा वापरातून गेली तरी गुन्हा कायद्याच्या पुस्तकात राहिलाच. तो रद्द झाला 1967 मध्ये. बीटल्सची गाणी वाजत होती त्या इंग्लंडात!

*

शेक्सपिअरचं ते श्रूवरचं नाटक 1590 च्या आसपासचं. श्रीमंत बापाच्या दोन मुली. धाकटी गोड, थोरली फटकळ. थोरलीचं लग्न झाल्याशिवाय धाकटीचं नाही. पेत्रुकिओ नावाचा पैशावर डोळा असलेला गडी थोरलीला पत्करतो आणि 'माणसाळवतो'. कसा, ते तो स्वतःच प्रेक्षकांना सांगतो. रानातून धरलेला ससाणा जसा उपाशी ठेवून, झोपू न देऊन हाताला आणतात, तसा. नाटकाच्या नावात एक जनावर आहे आणि नवऱ्याच्या युक्तीत दुसरं. ज्या बाईला नावात चिचुंद्री केली तिला शिकवताना मात्र ससाण्याची रीत वापरावी लागते. तिची खरी जात त्याला कळलेली असणार. शेवटी ती बायकांना आज्ञाधारकपणाचं लांबलचक भाषण देते. ते खरं मानायचं की उपरोध, यावर नटांनी आणि प्राध्यापकांनी आजवर पोट भरलं, त्यात मीही आलो. शेक्सपिअरच्या हयातीतच, 1611 च्या सुमाराला, जॉन फ्लेचरनं या नाटकाचा उत्तरार्ध लिहिला. त्यात पेत्रुकिओ दुसरं लग्न करतो आणि नवी बायको त्यालाच ताळ्यावर आणते. हे मात्र अभ्यासक्रमात लागल्याचं मी पाहिलं नाही.

हे नाटक मराठीत आणलं वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी. फर्ग्युसन कॉलेजातले प्राध्यापक, टिळक-आगरकरांच्या मंडळातले. 1890 च्या दशकाच्या आरंभी शाहूनगरवासी नाटक मंडळीनं ते रंगभूमीवर आणलं आणि ते तुफान चाललं. गणपतराव जोशी प्रतापराव, म्हणजे पेत्रुकिओ, झाले, बळवंतराव जोग झाले त्राटिका. नाटकाचं नावही 'त्राटिका'.

या नावाजवळ मला थांबायचंय. केळकरांसमोर शब्द होता श्रू, आणि मराठीत त्याला तंतोतंत प्रतिशब्द होता. 'चिचुंद्री' असं नाव दिलं असतं तर भाषांतर बिनचूक झालं असतं आणि नाटक पडलं असतं. कारण मराठीत चिचुंद्री म्हटलेल्या बाईला कुणी भीत नाही. बारकी, चुळबुळी, इकडून तिकडे पळणारी पोर, एवढंच चित्र उभं राहतं. त्यात थोडी हेटाळणी आहे, थोडा लाडही आहे. हिंदीत दिवाळीच्या एका पळत्या फटाक्याला छछूंदर म्हणतात, त्यातलाच भाव. गणपतराव जोश्यांसारख्या भारदस्त नटानं पाच अंक घाम गाळून एका चिचुंद्रीला वठणीवर आणलं, हे पाहायला कोण तिकीट काढणार? मराठी प्रेक्षकाला माणसाळवण्यासाठी राक्षसीण लागते.

म्हणून ताटका आली. आपल्या तोंडी ती त्राटिका. पण वाल्मीकीच्या बालकांडातली तिची हकिगत नीट वाचली तर हे नाव भलतंच बोलू लागतं. ती जन्मानं राक्षसीण नव्हे. सुकेतू नावाच्या यक्षाची मुलगी, रूपवान, आणि ब्रह्मदेवाच्या वरानं अंगात हजार हत्तींचं बळ. तिचं लग्न सुंदाशी झालं, मारीच हा तिचा मुलगा. अगस्त्याकडून सुंद मारला गेला. नवरा गेलेली ती बाई मुलाला घेऊन ऋषीवर धावून गेली, आणि ऋषीनं तिला शाप देऊन विद्रूप, नरमांसभक्षक केली. राम तिच्यासमोर उभा राहतो तेव्हा स्त्रीवर शस्त्र टाकायला कचरतो. विश्वामित्राला बरंच समजवावं लागतं. म्हणजे तिचं राक्षसीपण हे मागाहून आलेलं. आधी होतं ते दुःख, आणि त्या दुःखाला फुटलेला आवाज.

केळकरांच्या मनात हे सगळं होतं असं मी म्हणत नाही. नाटककाराला तिकीटबारीला चालणारं नाव हवं होतं. पण शब्द आपल्या मागचा लवाजमा घेऊनच येतात. इंग्रजीनं बाईला सहज चिरडता येईल एवढी लहान करून शिवी दिली. मराठीनं तीच शिवी देताना तिला हजार हत्तींचं बळ देऊन टाकलं.

*

आपल्या बाकीच्या शिव्याही त्याच वळणाच्या आहेत. बाई फार बोलली की 'आली भवानी'. भडकली की चंडिका, पसारा घालून बसली की महामाया, नाक खुपसलं की शूर्पणखा. यातली पहिली तीन नावं नवरात्रात घटापुढं घ्यायची आणि उरलेलं वर्ष सुनेपुढं. जनावरं लागतातच, नाही असं नाही. म्हैस आहे, कुत्री आहे, लग्न लांबलेल्या मुलीसाठी 'घोडी' आहे. आणि गाय आहे, ती मात्र बक्षीस म्हणून. 'गरीब गाय' हे प्रशस्तिपत्रक मिळालेल्या किती बायका त्याच्या ओझ्याखाली बोलायच्या राहिल्या असतील, कुणी मोजलंय?

पण मला सगळ्यांत नवलाचा वाटतो तो साधा, रोजचा 'कजाग'. त्या पोरीच्या प्रश्नातही तोच होता. हा शब्द तुर्कीतला. कझाक म्हणजे कुणाच्या ताब्यात न राहणारा, घोड्यावरून छापे घालणारा स्वार. कझाकस्तान हे देशाचं नाव त्याच शब्दातून, रशियातले कोसॅक त्यातूनच. फारसीच्या वाटेनं तो मराठीत आला, आणि कजाकी म्हणजे शत्रूभोवती घिरट्या घालून, रसद मारून, लुटून पसार होण्याची लढाईची रीत, असा त्याचा अर्थ आपल्या इतिहासात नांदला. मराठ्यांनी ज्या रीतीनं मोगलांना जेरीस आणलं तिला आपण गनिमी कावा म्हणून छाती फुगवतो. तो कजाक शब्द मात्र छावणीतून पाणवठ्यावर आला, बाईला लागला आणि शिवी झाला. तिकडं श्रूचा झाला श्रूड, इकडं कजाकाची झाली कजाग. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच तागडी वापरली. स्वारांची जात आपल्याकडून केव्हाच निवृत्त झाली. शब्द मात्र अजून बायकांच्या वाट्याला आहे.

कोरीटच्या पोरीचा प्रश्न तसा नवा नाही. तो 1882 मध्ये छापून आलेला आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिलं त्याला निमित्त झालं सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेचं. नवजात मूल मारल्याबद्दल तिला 1881 मध्ये आधी फाशी सुनावली गेली, मग अपिलात ती शिक्षा सौम्य झाली. वर्तमानपत्रांत बायकांच्या नीतीवर रकाने भरून येऊ लागले. नंदुरबारच्या स्टेशनात ताप्ती लाइनच्या गाडीत बसलं की थेट सुरत येते. तेव्हा ही लाइन नव्हती, पण बातमीला रूळ लागत नाहीत. ताराबाईंनी केलं ते असं, की बायकांवर ठेवले जाणारे दोष एकेक करून घेतले आणि प्रत्येकाबद्दल विचारलं, हा पुरुषात नाही का? कपट तुमच्यात नाही? संशय नाही? मूर्खपणा नाही? म्हणजे 'आणि माणूस कजाग असला तर?' हेच. पुस्तकावर टीकेचा भडिमार झाला. जोतीराव फुल्यांनी 1885 मध्ये 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही मराठीला मिळालं नाही. आणि दहाएक वर्षांत 'त्राटिका'ला गर्दी होऊ लागली, ज्यात बाईचं काम करणारा पुरुष, बाईनं पुरुषाचं कसं ऐकावं हे बाईच्या आवाजात सांगत होता. याच सुमारास, 1891 च्या मार्चमध्ये, संमतिवयाचा कायदा झाला. मुलीचं संमतीचं वय दहाचं बारा करण्यावरून महाराष्ट्र दुभंगला होता. ते भांडण करणाऱ्या पुरुषांना कुणी कजाग म्हटल्याचं ऐकिवात नाही. ते लोकमान्य किंवा सुधारक, काहीतरी चांगलंच ठरले.

*

शिवीपाशी हे सगळं थांबलं असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. पण मी नंदुरबार जिल्ह्यात बसून लिहितोय, आणि इथं उत्तरेला सातपुडा आहे. तिथल्या पाड्यांवरून अधूनमधून बातमी येते ती एका शब्दाची: डाकीण. ताप हटत नाही, बैल मरतो, पोर दगावतं, आणि भगत एक नाव घेतो. ते नाव बहुधा बाईचं असतं. पुष्कळदा नवरा नसलेलीचं, एकटीचं, कधी नावावर जमिनीचा तुकडा असलेलीचं. बिअर बिघडली तर बुचं कुठं ठेवली होती ते बघायचं नाही, चिचुंद्रीकडे बघायचं, तो हा न्याय. फक्त इथं ठोकल्या जाणाऱ्या खुंटीखाली माणूस असतं.

सपाटीवरची शिकलेली माणसं ही बातमी वाचून 'आदिवासी, अडाणी' म्हणत पान उलटतात, ते मला पटत नाही. खुर्चीला बांधून बाई बुडवणारं लेमिन्स्टर काही अडाणी गाव नव्हतं; तिथं चर्च होतं, न्यायाधीश होते. आणि पाड्यावर डॉक्टर वेळेवर पोचला तर भगताचं काम किती उरतं, हा प्रश्न पाड्याला विचारण्याआधी इतरांना विचारायला हवा. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात जादूटोणाविरोधी कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला; त्या कायद्याचा वटहुकूम त्यानंतर चारच दिवसांत निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. वर्षानुवर्षं अडलेला कागद हलायला एक माणूस जावा लागला. कायद्यानं एखाद्याला करणी करणारा, भूतपिशाच्चाचा अवतार ठरवून छळणं हा गुन्हा केला. इंग्लंडच्या कायद्यानं बाईचं तोंड हा गुन्हा ठरवला होता; आमच्या कायद्यानं तिला नाव ठेवणाऱ्याचं तोंड पकडलं. मला यात प्रगती दिसते, पण ती कागदावर किती आणि पाड्यावर किती, हे नाव घेतल्या गेलेल्या बाईलाच ठाऊक.

चिचुंद्री, कजाग, त्राटिका आणि डाकीण यांना मी एका माळेत ओवतोय, हे काहींना खटकेल. आजीनं नातीला लाडानं मारलेली हाक आणि भगतानं घेतलेलं नाव, यांत अंतर आहेच. पण अंतर आहे याचा अर्थ मधे रस्ता आहे.

*

सकाळी चहा पिताना मी पोरीला श्रूडची गोष्ट सांगितली. आजी ऐकत होत्या. इंग्रजी त्यांना कळलं नाही, पण झाडाच्या भोकात जिवंत चिचुंद्री ठोकतात हे मी मराठीत सांगितलं तेव्हा त्यांनी चुकचुक केलं आणि विचारलं, "आणि तिना पोरे?" तिची पिल्लं?

मग त्यांनीच सांगितलं. चिचुंद्री पिल्लांना घेऊन निघते तेव्हा एक पिल्लू आईच्या शेपटीपाशी तोंडानं धरतं, त्याच्या मागचं त्याला, त्याच्या मागचं त्याला, अशी आगगाडी करून ती सगळी चालतात. उचलली तरी सुटत नाहीत. प्राणिशास्त्राच्या पुस्तकांतही हे आहे, चित्रांसकट. पण आजींनी ते कोठीखालीच पाहिलेलं होतं. बोलता बोलता त्यांनी भिंतीच्या कडेला ठेवलेली लसणाची टोपली पायानं थोडी बाजूला सारली. वाट मोकळी राहावी म्हणून असेल, किंवा टोपली पायात येत होती म्हणूनही.

"मग मी कोण, सर?" पोरीनं दप्तर पाठीला लावता लावता विचारलं. "श्रू की श्रूड?"

मी तोंड उघडायच्या आत आजी म्हणाल्या, "हाई आमनी चिचुंद्री," आणि तिला नंदुरबारच्या गाडीला उशीर होतोय म्हणून बाहेर हाकललं.